राजूरच्या वाटेवरची बोरं

जुन्या जालन्यातल्या उषाबाईंचा अंगारकीचा उपास गल्लीत प्रसिद्ध होता. अठरा वर्षं त्या दर अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जात होत्या आणि चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घालत नव्हत्या. हे त्या स्वतः सांगत नसत. पण कुणी सांगायला विसरलं तर त्यांना आवडत नसे.

या वेळी मात्र त्यांच्या पिशवीत एक रिकामा डबा होता. सून गंधालीला तिसरा महिना लागला होता आणि पोटात काही ठरत नव्हतं. बाजारातली सफरचंदाएवढी बोरं आणली, तर तिनं वासानंच तोंड फिरवलं. "आई, तुम्ही सांगता ना राजूरच्या वाटेवरची रानबोरं, तसली आंबट मिळाली तर बघा," एवढंच म्हणाली.

उजाडल्यावर रस्त्याकडेच्या बांधावर बोरी दिसली. सोबत शेजारच्या केशरबाई होत्या; त्यांचा उपास सवडीचा होता. फराळाच्या प्रत्येक मंडपात त्या थांबत. उषाबाईंनी त्यांच्या हातावर एक बोर ठेवलं.

"चाखा बरं. आंबट हाय का?"

"लई आंबट," केशरबाईंनी डोळे मिटले.

डबा अर्धा झाला. बोटांना काटे लागले, पदर दोनदा अडकला. मग उषाबाईंनी डब्यात नीट पाहिलं. सगळी बोरं लालबुंद, सुरकुतलेली. असली बोरं आंबट कशी असतील?

"केशरबाई, आत्ता मंडपात काय घेतलं?"

"चहा. दोन कप. साखर बराबर होती."

"मंग गुळाचा खडा दिला तरी आंबटच म्हणाल तुम्ही."

रस्त्यानं मोरया मोरया करत माणसं चालली होती, त्यातली निम्मी गल्लीतली. हाच डबा घरी नेला असता तर पोरीनं पुन्हा तोंड फिरवलं असतं. उषाबाईंनी रस्त्याकडे पाठ केली आणि एक बोर तोंडात टाकलं. साखरेसारखं गोड.

"उपास मोडला की तुमचा," केशरबाई जरा खुशीतच म्हणाल्या.

"अठरा वर्षं पाह्यलाय त्यानं. चला, दुसरी बोरी बघू."

दुसरी बोरी गोड, तिसरी तुरट. चौथ्या झाडाचं बोर चावताच कानापर्यंत झिणझिण्या गेल्या. खात्रीसाठी त्यांनी आणखी पाच-सहा खाल्ली, मग डबा रिकामा करून नव्यानं भरला.

संध्याकाळी गंधालीनं मीठ लावून मूठभर बोरं खाल्ली, मग आणखी मूठभर. पोटात ठरली. पुष्कळ दिवसांनी तिचा चेहरा जाग्यावर आला होता.

चंद्र दिसला, ताटं वाढली. उषाबाईंनी पोळीचा घास चावला आणि गाल धरला. दात आंबले होते.

"आई, बोरं तुम्ही चाखलीत?"

"केशरबाईनं चाखली."

"केशरकाकू तर मघाशी इथं कुडुमकुडुम फुटाणे खात बसल्या होत्या. त्यांचे दात नाही आंबले."

उषाबाईंनी वरणाची वाटी पुढं ओढली. गंधालीनं त्यांची पोळी वरणात कुस्करली, वर तूप सोडलं. "गल्लीत नाही सांगत मी."

"तू कशाला सांगतेस? केशरबाई राजूरहून येतानाच जीपभर सांगून बसल्यात," उषाबाई म्हणाल्या आणि मऊ घास चवीनं खाऊ लागल्या.