गिरणीच्या ओट्यावरचं यंत्र

ताज्या दळलेल्या गव्हाचा गरम वास आला की मला अजून किळस येते. आमच्या शाळेवरून विमानं फार खालून जातात. आवाज मोजून जास्त निघाला, तर वर्गांना जाड काचेच्या खिडक्या मिळणार होत्या. मोजणारा साहेब शहरातून, सावेडीहून आला आणि सावली बघून आवाज मोजायचं यंत्र शाळेशेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर मांडून बसला. गिरणीवाली म्हणाली, "बंद करते की घंटाभर." साहेब म्हणाला, "नको मावशी, माझा गहू हाय त्यात. सावेडीला असलं पीठ मिळत न्हाई." मी विचारलं, "साहेब, विमान मोजताय की गिरणी?" तो नुसता हसला. जाताना त्याने यंत्रावरचं पीठ फुंकून उडवलं. अहवालात आलं, विमानापेक्षा गावाचाच आवाज जास्त; खिडक्या नामंजूर. आजही विमान आलं की मी शिकवणं थांबवून खडू हातात धरून उभी राहते.