तुरुमतीचं बिऱ्हाड

बिबवेवाडीच्या आमच्या घराला लिफ्ट नव्हती. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही धायरीला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. गॅलरीसमोर एक शेत उरलं होतं, चारी बाजूंनी इमारती आणि मधे दीडएक एकर. धायरीतल्या एका जुन्या घराण्यातल्या बाई ते स्वतः कसायच्या. एका कडेला मेथी-कोथिंबीर, बाकी ज्वारी, आणि बांधावर एक उंच नीलगिरी.

मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. सकाळी वेळ जाईना, म्हणून गॅलरीत चिमण्यांना बाजरी टाकू लागले. महिन्याभरात वीस-पंचवीस चिमण्या यायला लागल्या. मग एक दिवस भाजी घ्यायला बांधावर गेले, तर त्या बाई म्हणाल्या, "ताई, पाखरं गोळा करता तुम्ही, आन् जेवायला येत्यात माझ्या ज्वारीत."

मी ओशाळून हसले. त्याही हसल्या, पण जुडी देताना रोजची जास्तीची काडी काही घातली नाही.

ज्वारीत दाणा भरत होता त्या दिवसांत नीलगिरीवरच्या कावळ्याच्या जुन्या घरट्यात दोन ससाणे आले. कबुतराएवढे, राखाडी पाठीचे, डोकं विटकरी. ह्यांनी क्रिकेटसाठी घेतलेली दुर्बीण काढली आणि पक्ष्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले.

"तुरुमती," हे म्हणाले. "फार कमी राहिलेत म्हणे. आपल्यासमोर बिऱ्हाड केलंय, म्हणजे दुसरीकडे जागा मिळत नसणार."

त्यानंतर आमचा दिवस त्या झाडाभोवती फिरू लागला. मादी मोठी, ती घरट्यात बसायची. नर शिकार आणायचा, पण घरट्यापर्यंत यायचा नाही. शेतातल्या विजेच्या खांबावर बसून बारीक, घाईघाईचा आवाज द्यायचा. ती उडत यायची, त्याच्या पायातलं घ्यायची, परत जायची. कधी दोघं मिळून निघायची. एक खालून पाखरं उठवायचा, दुसरी वरून यायची. ज्वारीतल्या चिमण्या भुर्रकन उठत आणि पुन्हा बसत तेव्हा एखादी कमी असे. शेतातल्या बाई खूश होत्या. "राखण करत्यात माझी," म्हणायच्या.

घरट्यात तीन पिल्लं दिसायला लागली. पांढऱ्या कापसाचे गोळे होते, त्यांत हळूहळू राखाडी पिसं फुटली. ज्वारीची काढणी झाली, शेत मोकळं झालं. आणि त्याच सुमारास एका सकाळी मादी दिसली नाही.

आम्ही दिवसभर वाट पाहिली. नर खांबावर आला. पायात एक वटवाघूळ होतं. त्यानं आवाज दिला. थांबला. पुन्हा दिला. पिल्लं समोर ओरडत होती, तरी हा तिच्या वाटेकडे तोंड करून बोलावत राहिला. खूप वेळानं उडाला, घरट्यात भक्ष्य टाकलं आणि लगेच निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. दर वेळी आधी खांब, आधी हाक, आणि मग घरटं.

"आत घे गं खुर्ची," हे म्हणाले. "ऐकवत नाही."

शेतातल्या बाईंना ट्रान्सफॉर्मरजवळ एक पीस सापडलं, बारीक काळ्या रेघांचं. त्यांनी ते मला दाखवलं. "तिचंच आसंल का?" मी म्हटलं, सांगता येत नाही. खरोखरच येत नव्हतं. पीस घरी आणलं नाही.

आता शेतात दाणा नव्हता. आसपास चिमण्या उरल्या होत्या त्या फक्त आमच्या गॅलरीत. एका सकाळी मी बाजरी टाकून मागे वळते न वळते तोच कानाजवळून वारा गेल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर कठड्यावर एकही चिमणी नव्हती आणि थोडे दाणे अजून थरथरत होते. मग खांबावरून हाक ऐकू आली.

असं रोज होऊ लागलं.

"तू पंगत मांडतेस," हे म्हणाले, "आणि जेवतो तो."

मी बाजरी टाकणं थांबवलं. चिमण्या कठड्यावर येऊन बसत, काचेतून आत बघत, निघून जात. नंतर त्या येईनाशा झाल्या. नर आता चतुरासारखे किडे आणू लागला, कधी एखादा सरडा, कधी काहीच नाही. पिल्लांचं ओरडणं दारं लावली तरी यायचं. भाजी निवडताना, फोनवर बोलताना कान तिकडेच. हे दुर्बीण लावून बसलेले. दुपारी म्हणाले, "धाकटं मान वर करत नाहीये."

मी भाजी निवडत राहिले.

"मी टाकू का?" त्यांनी विचारलं.

"नको. माझ्या हाताची सवय आहे त्यांना," मी म्हणाले, आणि बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजरी टाकली. आत येऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, नळ सोडला. पहिल्या चिमण्या आल्याचं नळाच्या आवाजातूनही कळलं. त्यांचा किलबिलाट वाढत गेला आणि एकदम तुटला. त्या शांततेत मी पेला धूत होते. धुतलेलाच पुन्हा धूत होते.

पुढे रोज तेच केलं. मला चिमण्या वेगवेगळ्या ओळखू यायच्या. त्यातल्या एका नराचा पाय वाकडा होता. तो एके दिवशी आला नाही. मी ह्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

धाकटं वाचलं नाहीच. शेतातल्या बाईंना ते झाडाखाली सापडलं. त्यांनी मेथीच्या वाफ्याशेजारी खड्डा करून पुरलं आणि वर पाहून मला हातानंच खूण केली. उरलेली दोन मात्र अंगानं भरली. आधी फांदीवर आली, मग खांबापर्यंत, मग समोरच्या टेरेसवर. पावसाळ्यापूर्वी एका सकाळी नर आणि पिल्लं, तिघंही दिसली नाहीत. संध्याकाळी बाईंनी खालून ओरडून विचारलं, "गेली का ओ लेकरं?" मी "गेली" म्हटलं. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मला मात्र नुसतं रिकामं वाटलं.

गॅलरीत चिमण्या बरेच दिवस आल्या नाहीत. दिवाळीच्या सुमारास चार-पाच आल्या. नव्या असाव्यात, त्यांना काही ठाऊक नव्हतं. हे डब्यातून बाजरी घेऊन गेले. आता तेच टाकतात. मी दाराच्या आत बसते.

परवा ह्यांना बाजरीची वाटी द्यायला म्हणून मी गॅलरीत गेले होते, तेवढ्यात कठड्यावरून एक सावली सरकली. चिमण्या खातच राहिल्या. मी मात्र वाटी टाकून भिंतीला टेकले. दाणे सगळीकडे झाले.

"विमान होतं," हे म्हणाले. नेहमीचा टोमणा त्यात नव्हता. गुडघा दुखत असूनही ते खाली वाकले आणि दाणे गोळा करू लागले.