मार्थाचे साडेचार

पाचूबंदरच्या मार्थाला आपले पाय बधिर झालेत हे कळलं ते एका शिंपल्यामुळे. साल चौऱ्याऐंशी. जेटीवरच्या लिलावातून बोंबलांची पाटी घेऊन ती घरी आली, तर नणंद फ्लोरा ओरडली, "अगे, पायातून रगत येतंय तुझ्या!" टाचेत शिंपल्याचा तुकडा हा एवढा रुतलेला, आणि बाईला पत्ताच नाही. तिने तो उपटून फेकला, चिंधी बांधली आणि निघाली बाजाराला. दुखत नव्हतं, तर थांबायचं कशाला?

पुढच्या दोन वर्षांत पाय जड होत गेले. कधी डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसायचे, मग महिनाभराने आपोआप बरं वाटायचं, आणि मग पुन्हा तेच. कोणी म्हणालं वात, कोणी म्हणालं नजर. फ्लोराने नवस बोलला. मार्थाचा नवरा फ्रेडरिक, त्याने होडी सोडून तिला तीन डॉक्टरांकडे फिरवली. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवरचं रबर झिजावं तसं नसांवरचं आवरण झिजतं, डॉक्टर म्हणाले. औषध? तसं खास काही नाही. मार्थाने मान डोलावली. आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिला वाटलं. पण आलं नाही.

तिला एकाच गोष्टीची काळजी होती, बाजारातल्या जागेची. वसईच्या बाजारात मासळीच्या ओट्यावरची तिची जागा सासूने दिलेली, बावीस वर्षं सांभाळलेली. जागा महिनाभर रिकामी राहिली की दुसरीने खुशाल पाटी ठेवावी, असा कोळणींचा आपसातला कायदा. मार्थाने स्वतः एकीला याच कायद्याने उठवलं होतं, तेव्हा आता तक्रार करायची कोणत्या तोंडाने? आणि जेटीपासून बाजार चांगला अर्ध्या तासाच्या वाटेवर.

तोडगा काढला तो चर्चच्या फादरांनी. एक संस्था हाताने फिरवायची तिचाकी सायकल फुकट देत होती. फक्त डॉक्टरांचा कागद हवा की बाईला काठीशिवाय शंभर पावलंही चालता येत नाही. आणि खरंच येत नव्हतं हो! घरातून विहिरीपर्यंत जायचं तर ती दोनदा भिंत धरायची.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी मोजणी ठेवली. "हे बघा," ते म्हणाले, "शून्य म्हणजे धडधाकट, दहा म्हणजे सगळं संपलं. आकडा सहावर गेला की मी कागद देतो. काठी इथे ठेवा, चालायला लागा, आणि थकाल तिथे थांबा."

फ्रेडरिकने घरून निघताना बजावलं होतं, "थांबायचं. लाजायचं नाय." मार्थानेही कबूल केलं होतं.

लांबलचक व्हरांडा. दोन्ही बाजूंच्या बाकांवर पेशंट. डॉक्टर हातात घड्याळ घेऊन उभे. तेवढ्यात बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "कोळीण आहे ती, बघ आता कशी चालते!"

झालं! कोळणीने काहीही करावं, पण गिऱ्हाइकासमोर थकल्याचं दाखवू नये. ती वाकलेली दिसली की गिऱ्हाईक समजतं, ही सकाळपासून बसली आहे, मासळी नरम पडली आहे, आणि निम्म्याने मागतं. बावीस वर्षं मार्था कंबर ताठ ठेवून हसत उभी राहिली होती. तिची मान आपोआप वर झाली, हात कमरेवर गेला आणि बाई चालू लागली. पायाखाली फरशी लागतच नव्हती. समोरच्या खिडकीवर नजर ठेवून ती अंदाजाने पाऊल टाकत होती. एक फेरी, दोन, तीन. फ्रेडरिक बाकावरून डोळे वटारत होता. काय म्हणावं या बाईला! सहा फेऱ्या मारल्या तिने.

मग दुसरा कागद निघाला, जगणं कसं चाललंय ते विचारणारा. झोप लागते? लागते. कपडे स्वतः घालता? "मग कोन घालनार?" मन उदास असतं? "देवाची कृपा हाय." गेल्या महिन्यात कशाचा आनंद झाला? मार्थाने आठवून पाहिलं. काही सापडेना. "बरा हाय सगला," ती म्हणाली, आणि डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

"साडेचार!" ते खुशीत म्हणाले. "माझ्या पेशंटांमध्ये तुम्हीच सगळ्यात बऱ्या."

"डाक्टर, घरी ती अशी चालत नाय," फ्रेडरिक कळवळून म्हणाला.

"मी पाहिलं ते लिहिलं. वर्षाने पुन्हा मोजू."

जिन्यापाशी येताच मार्था मटकन खाली बसली. फ्रेडरिक चिडला होता. "आता का चालत नायस?"

"आता कोन बघतंय?" ती म्हणाली. त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि दोघं घरी आले.

फ्लोराने आपली पाटी त्या जागेवर ठेवली, निदान जागा घरात राहिली. "सायकल आली की तुझी तुला," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मार्था दारात बसून पाटी जाताना बघायची, येताना बघायची. वाईट वाटायचं ते आधी आधी. पुढे तेही वाटेनासं झालं.

वर्षाने पुन्हा मोजणी झाली. या खेपेला फ्रेडरिकने तिला पाठुंगळीच आणलं, व्हरांड्याची गरजच पडली नाही. डॉक्टरांनी हाताच्या बोटांना टाचणी टोचली, "टोचतंय?" "नाय." साडेसात लिहिले आणि कागद दिला.

मे महिन्यात सायकल आली, लाल, कोरी करकरीत. अख्खी गल्ली जमली. फ्रेडरिकने मार्थाला उचलून सीटवर बसवलं. तिने दांड्यावर हात ठेवले, पण बोटं मिटेनात. फ्लोराने एकेक बोट वाकवून दांड्याभोवती बसवलं. मार्थाने फिरवायला जोर केला, तशी बोटं सुटली आणि हात मांडीवर पडले. पुन्हा बसवली, पुन्हा सुटली.

"होईल गे सवय," फ्लोरा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तू पाटी उचल. बाजाराला उशीर होतोय," मार्था म्हणाली. फ्लोरा गेली. मग मार्था नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या दिवशी व्हरांड्यात पडले असते, तर वरीसभर तरी चालवली असती."