पुढचा बंपर

मी चौथी पास आहे, पण लोखंडावर क्रोम कसं चढतं ते मला कुठल्याही इंजिनिअरइतकं ठाऊक आहे. नाशिकला अंबडच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी बावीस वर्षं उभी राहिले. माल ॲसिडमध्ये धुवायचा, तारेने टांगायचा, टाकीत सोडायचा. आधी तांबं, मग निकेल, शेवटी क्रोम. क्रोम म्हणजे नुसती वरची चकाकी, कागदाहून पातळ. खालचे थर नीट नसतील तर दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. आमच्याकडे एक नियम फार कडक होता: धुतलेल्या मालाला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा लगेच दिसत नाही, माल टाकीतून बाहेर आला की दिसतो.

गाडी नवऱ्याची. पांढरी ॲम्बॅसेडर. नाशिकरोड स्टेशनवरून भाविकांना त्र्यंबकला न्यायचं आणि परत आणून सोडायचं, हा त्याचा धंदा होता. तो गेल्यावर गाडी कागदावर माझ्या नावाची झाली आणि घराच्या बाजूला ताडपत्रीखाली बारा वर्षं उभी राहिली. तिच्यात मांजरी व्यायल्या, उंदरांनी सीट खाल्ली. मी तिच्याकडे बघून कधी रडले नाही. एक गोष्ट मात्र मनात होती. त्या गाडीत मी पुढच्या सीटवर कधी शेवटपर्यंत बसले नव्हते. पुढची सीट गिऱ्हाइकाची. आम्ही घरचे निघालो तरी वाटेत कोणी हात केला की नवरा मला मागे जायला सांगायचा, आणि मी जायचे.

गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "आई, गाडी परत चालती करू या. जुन्या गाड्यांना आता मान आलाय."

"चालवणार कोण?"

"मी. दसऱ्याला दारात तिची पूजा करू आणि त्र्यंबकला जाऊन येऊ. तू पुढे बस."

"पुढे?"

"पुढेच. मागे कोणाला घ्यायचंच नाही."

पुढच्या सीटचं मी त्याला कधी बोलले नव्हते. लहानपणी माझ्याबरोबर मागे बसून त्यानेच ते पाहिलं असणार. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

इंजिन, पत्रा, रंग ही कामं द्वारका चौकाकडच्या एका गॅरेजात सुरू झाली. मधे एकदा तो कागद घेऊन आला. म्हणाला, गाडीचं पासिंग संपलंय, नव्याने करायला मालकाच्या सह्या लागतात. मी भाकरी थापत होते. हात पुसले आणि त्याने जिथे जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. मला वाचता येतं. वेळ लागतो, पण येतं. कारखान्यात पगाराचा कागदसुद्धा मी पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नसे, मागे रांगेत उभ्या असलेल्या बाया शिव्या घालायच्या. पण मुलाने आणलेला कागदही वाचायचा असतो, हे डोक्यात आलं नाही.

मग तो म्हणाला, "बंपर तेवढा तू बघ. तुझ्या ओळखीने काम चांगलं होईल."

मागचा बंपर बरा होता. पुढच्यावर गंज होता आणि उजवीकडे मोठा पोचा. सटाण्याच्या बाजारात कांद्याची ट्रॉली मागे घेताना एका ट्रॅक्टरवाल्याने तो पाडला होता. अंबडला आता ज्याचं स्वतःचं प्लेटिंगचं दुकान आहे, त्याला माल टांगायला मीच शिकवलं होतं. त्याच्याकडे बंपर घेऊन गेले.

"मावशी, पोचा आठवण म्हणून ठेवायचा का? जुन्या गाड्यांचे लोक ठेवतात."

"पोच्याचं काय श्राद्ध घालायचंय? काढ तो."

"आणि नुसतं निकेल-क्रोम मारू का? गिऱ्हाइकाला कळत नाही."

"मला कळतं."

"म्हणून तर आधी विचारलं. तुमच्यासमोर चोरी करायची भीती वाटते."

"भीती वाटलेली बरी. तांबं घाल."

मी तिथे तीन दिवस स्टुलावर बसून राहिले. पहिल्यांदा निकेल काळं पडलं, ते काढायला लावून पुन्हा करून घेतलं. बंपरच्या मागच्या बाजूला क्रोम नीट पोचत नाही, गंज तिकडूनच सुरू होतो. म्हणून आतून रंगाचे दोन हात मी स्वतः मारले. इतकं चांगलं काम मी कारखान्यातही केलं नव्हतं, कारण तिथला माल माझा नसायचा.

बंपर बसवायच्या दिवशी मी गॅरेजात गेले. मुलगा आधीच आलेला होता, सारखा फोन बघत होता. मिस्त्री म्हणाला, "आजी, तुम्ही खुर्चीत बसा, आम्ही बसवतो."

"तू बसवशील आणि मग मी तुझ्या बोटांचे ठसे पुसत बसू?"

मी घरून सुती हातमोजे नेले होते. एक जोड त्याला घालायला लावला. मी आणि त्याने बंपर उचलून जागेवर धरला, मुलाने हाताने चारही बोल्ट अडकवले. प्रत्येक बोल्टखाली रबराचा वॉशर. मग मी गोणपाट अंथरून गाडीच्या पुढे खाली बसले आणि पाना घेतला. घाई करून एक बाजू आधी आवळली तर बंपर वाकडा बसतो आणि बोल्टच्या भोकाशी क्रोम तडकतं. डावीकडे एक फेरा, उजवीकडे एक फेरा, असं सावकाश करावं लागतं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीच्या किल्लीसाठी नवी कीचेन. त्यांना बघून मिस्त्री चहा सांगायला म्हणून निघून गेला. चहा समोरच मिळत होता, तरी तो बराच वेळ आला नाही. त्याला सगळं माहीत होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"वा, बंपर झाला एकदाचा," ते मुलाला म्हणाले. "याच्यासाठीच थांबलो होतो. आज घेऊन जाता येईल ना?"

मुलगा काहीतरी पुटपुटला.

"आईंची तब्येत कशी आहे आता?"

"आहे तशीच."

"अंथरुणातच?"

"हो."

"तुम्ही त्यांच्या औषधपाण्याचं म्हणालात, म्हणून मी भाव केला नाही. आजारी माणसाच्या घरी घासाघीस करू नये. पण सह्या फार स्वच्छ केल्यात हो त्यांनी. पडल्या पडल्या इतकं चांगलं अक्षर."

माझे डावीकडचे दोन फेरे राहिले होते. ते मी पुरे केले. अर्धवट काम सोडायची मला सवय नाही. मग टायरला धरून उठले.

"पडल्या पडल्या नाही," मी म्हटलं. "भाकरी करता करता."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला ते गॅरेजातली कामवाली समजले असणार.

"तुम्ही कोण?"

"मीच ती. अंथरुणातली."

मुलगा म्हणाला, "आई, मी सांगणारच होतो तुला."

"कधी? दसऱ्याला?"

"ठेवून काय करणार होतो आपण त्या गाडीचं? तुला काही कमी पडू दिलंय का मी?"

कमी पडू दिलं नव्हतं, हे खरं. मला विचारलं असतं तर मी कदाचित विकून टाक म्हणालेही असते. गाडीला कवटाळून बसणारी बाई मी नाही. पण त्याने विचारलं नाही. माझ्या मनात काय आहे ते त्याने बरोबर ओळखलं, आणि तेच पुढे करून माझ्याकडून बंपर करून घेतला.

ते गृहस्थ भले होते. म्हणाले, "आजी, मला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी गाडी घेत नाही. कागद परत करतो."

मी विचार केला. गाडी ठेवली असती तर चालवायला मुलगाच लागणार होता. त्याच्या शेजारच्या सीटवर बसून त्र्यंबकला जायची माझी इच्छा तिथेच, त्या गोणपाटावर संपली होती.

"घेऊन जा," मी म्हटलं. "सही माझीच आहे. वाचली नाही ही चूकही माझीच. पण बंपरवर मी सही केलेली नाही. तो राहील माझ्याकडे."

"आई, काहीतरी काय बोलतेस?" मुलगा म्हणाला.

मी परत खाली बसले. काढतानाही तसंच करायचं असतं, डावीकडे एक फेरा, उजवीकडे एक फेरा. मुलगा बाजूला उभा राहिला. शेवटी बंपर सुटला तेव्हा दुसरं टोक त्या गृहस्थांनीच धरलं. त्यांचे उघडे हात लागले. मी माझं टोक उचललं.

रिक्षात बंपर आडवा मावला नाही, दोन्हीकडून बाहेर आला. रिक्षावाला म्हणाला, "आजी, मागची गाडी कुठे राहिली?"

"ती दुसऱ्याची आहे. तू बघून चालव."

आठ दिवसांनी मुलाचा फोन आला. ते गृहस्थ बंपरसाठी थांबलेत, जुना तसा कुठे मिळत नाही, मी बंपर घ्यायला येतो म्हणाला.

"ये की," मी म्हटलं. "पण दार उघडायला मला उठता येणार नाही. मी अंथरुणाला खिळलेय."

त्याने फोन ठेवला. अजून आलेला नाही.

दसऱ्याला शेजारच्यांनी आपापल्या गाड्या धुऊन हार घातले. मी खाटेखालून बंपर ओढला आणि कोरड्या फडक्याने त्यावरचे ठसे पुसले. झेंडूचं एक फूल ठेवलं. कुंकू लावलं नाही, त्याचा डाग पडतो.