फाटकाशी

मी शिकलो तो सावंत गुरुजींमुळे. दहावीनंतर वडील मला वीटभट्टीवर नेणार होते. गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. आज ते इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि मी रात्रभर एसटीत आखडलेलं अंग घेऊन खाली फाटकाशी उभा आहे.

"नातं काय?" रखवालदाराने विचारलं.

"विद्यार्थी."

"साहेब, मास्तरांचे विद्यार्थी सोडत बसलो तर वर शाळा भरेल. एका पेशंटला एकच पास. त्यांचा मुलगा आहे वर."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आजाऱ्याला विश्रांतीचा हक्क आहेच. शेजारी एक म्हातारी पासासाठी थांबली होती. तिची धाकटी जाऊ खाली आली, पास हातात देत म्हणाली, "जा आता, पण वर जाऊन रडू नका हं, अक्का."

आमच्याकडे आजाऱ्याला नुसतं बघून यायचं असतं. बोलायचं असं काही नसतं. पण आपल्याला कोणी भेटावं, हे त्या खाटेवरच्या माणसाला कुणी विचारतं का? विचार करायचाही कंटाळा आला. मी पायरीवर टेकलो आणि वर निघालेल्या अक्कांजवळ गुरुजींसाठी चिठ्ठी लिहून दिली.

"गुरुजी, मी खाली आलोय. तुम्ही उठू नका. आमच्या ओट्यावर तुम्ही बसला होतात, तसाच इथे पायरीवर बसलोय. हो म्हणेपर्यंत उठणार नाही."