ओकचे चार ठोकळे

तुगदुआल मेव्हेल याला मी चौथीत भागाकार शिकवला. बाकी उरते, ही गोष्ट त्याने तेव्हा मान्य केली नाही आणि आज बासष्टाव्या वर्षीही करीत नाही. फ्रान्सच्या ब्रेतॉन किनाऱ्यावरच्या आमच्या या गावात त्याच्या अर्धवट कामांची यादी करावयाची तर एक वही पुरणार नाही. घराची उत्तरेकडची भिंत निळी आहे, उरलेल्या तीन कोणत्याच रंगाच्या नाहीत. सार्डिन मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यातली नोकरी त्याने निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना सोडली. कारण काय, तर मुकादमाने टोपी नीट घालावयास सांगितली.

त्याची मोटार सत्त्याऐंशी सालची. दर मोठ्या ओहोटीला हा गृहस्थ ती धक्क्याच्या उतारावरून थेट वाळूत उतरवतो, चाके निम्मी पाण्यात ठेवतो आणि शिंपल्यांची ओली पोती मागे टाकून घरी येतो. गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, हे त्याला मंजूर नाही. "समुद्राचं पाणी, मास्तर! त्याहून स्वच्छ काय असतं?" परिणामी या हिवाळ्यात गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीत तिथल्या माणसाने मागच्या ब्रेकच्या नळीला नुसते नख लावले, तर तिचे पापुद्रे हातात आले. दुरुस्तीला साठ दिवसांची मुदत मिळाली. त्यातले अठ्ठावन्न तुगदुआलने विचारात घालवले.

एकोणसाठाव्या दिवशी सकाळी मी पाव आणावयास निघालो, तेव्हा त्याच्या अंगणात गाडी पुरी उंच झालेली होती. या जातीच्या गाडीला स्प्रिंगा नसतात. ती तेलाच्या दाबावर उभी राहते, आसनाशेजारचा दांडा सरकवला की आपण होऊन वर चढते, आणि तेच हिरवे तेल तिच्या ब्रेकांतही फिरते. दाब गेला की ती पोट टेकते. म्हणून आधी टेकू लावावेत, मग दाब काढावा आणि त्यानंतरच नळीला हात घालावा, हा क्रम आहे. पण गाडी स्वतःच उठून उभी राहते म्हटल्यावर टेकू विकत घेणे आमच्या लोकांना कमीपणाचे वाटते. गाडीखालून दोन रबरी बूट बाहेर आले होते. ते तुगदुआलचे होते.

"बाहेर ये," मी म्हणालो.

"पाव संपतील, मास्तर. जा तुम्ही."

"ही गाडी कशावर उभी आहे?"

"तेलावर. माझ्याकडे अकरा वर्षं तशीच उभी आहे."

"आणि तुझा पाना कशावर आहे?"

बूट किंचित हलले. "तेलाच्याच नळीवर. पण हळूहळू सोडतोय ना!"

त्याची बायको सोआझिग कॉफीचा वाडगा घेऊन दारात उभी होती. "नका डोकं फोडून घेऊ, मास्तर. काल म्हटलं, टेकू माग कुणाकडून. तर म्हणतो, टेकू भित्र्यांना लागतात. मयतीला घालायचा माझा काळा पोशाख इस्त्री करून ठेवलाय मी."

"ऐकू येतंय मला," खालून आवाज आला.

"येऊ दे की! कान तरी चालतात म्हणायचे."

मी घरी परतलो. माझ्या कोठीत ओकचे चार ठोकळे असतात, एकाच उंचीचे, क्रमांक घातलेले. ते हातगाडीतून आणले आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना, पत्रा जिथे जाड असतो तिथे, सरकवले.

"हे काय, शाळेतले बाक आणलेत?" तो पडल्या पडल्या हसला. "आता पाढे म्हणायचे का?"

मी हात झटकले नव्हते, तोच गंजलेली नळी नटासकट पिळली जाऊन तुटली. हिरवे तेल फवाऱ्यासारखे उडाले आणि गाडीचा मागचा भाग एका उसाशात खाली आला. ओक करकरले. मी वाकून पाहिले. तुगदुआलचे नाक आणि पत्रा यांत चार बोटांचे अंतर होते. सोआझिगच्या हातातला वाडगा पायरीवर फुटला होता.

खालून शब्द आले, "मास्तर, तुमच्या लाकडानं माझा पत्रा चेपलाय."

या माणसाचे हात मात्र चांगले आहेत; हे नमूद न करणे अन्याय होईल. दुपारपर्यंत त्याने तांब्याची नवी नळी जुनीच्या वळणावर वाकवली, तिची टोके फुलवून घट्ट बसवली, तेल भरले. इंजिन सुरू होताच गाडी गाय उठते तशी आधी मागून उठली. मग सोआझिगने ब्रेक दाबावयाचा आणि त्याने चाकापाशी बाटली धरून नळीतली हवा काढावयाची.

"दाब! दाब म्हणतो ना!"

"दाबतेय! खेकसू नकोस, अजून विधवा व्हायची हौस फिटली नाही माझी."

बाटलीतले बुडबुडे थांबले. साठाव्या दिवशी सकाळी गाडी तपासणीत पास झाली, आणि त्याच दुपारी मोठ्या ओहोटीला ती पुन्हा खाऱ्या पाण्यात उभी होती.

रविवारी मी ठोकळे आणावयास गेलो. पहिला आणि चौथा मिळाला. त्याची शेगडी मात्र छान तापली होती.

"थंडी होती, मास्तर," तो म्हणाला. "आणि त्यांचं काम झालंच होतं की."

मी सुताराकडून दोन नवे कापून घेतले, त्यांवर क्रमांक घातले आणि चारही कुलपात ठेवले. नळ्या पुन्हा गंजणार, आणि हा मूर्ख पुन्हा खाली झोपणार. किल्ली मी सोआझिगकडे दिली आहे.