हुहानाची वेगळी बादली

शेवंताबाईच्या पोटात काही राहत नाही, आणि राहिलंच तर ते मी काढतो. रायपूरच्या गुढियारीत भिंतीला भिंत लागून चाळीस वर्षं काढलीत, एवढा हक्क तर बनतोच.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. त्या साली तिचा पोरगा संघर्ष न्यूझीलंडहून माओरी पोरगी घेऊन आला, हुहाना. हनुवटीवर गोंदण, गळ्यात हिरवा दगड. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कुजबुज सुरू: दगडात काय भरलंय कोण जाणे! आल्या आल्या तिनं सासूच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावायला मान झुकवली. त्यांच्यात असंच भेटतात, एकमेकांचा श्वास घेत. शेवंताबाई दोन पावलं मागं. दुरूनच "जयभीम."

रविवारी विहारात मंगल परिणय ठरला होता. गुरुवारी शेवंताबाई माझ्या दारात.

"भाऊजी, हे लग्न मोडते मी."

"काहून?"

"पोट्टी शिवाशिव पाळून राहिली. धुण्याची आपली बादली वेगळी ठेवते. माह्या कपड्यांचा विटाळ होते तिले!"

मी हसणार होतो. पण या बाईनं लहानपणी, वर्ध्याकडच्या गावात, वरून ओंजळीत ओतलेलं पाणी प्यायलंय. हसलो नाही.

"संघर्षले विचारलं?"

"तो म्हणते, आई, उनके यहाँ खाने का और सिर का कपड़ा बाकी में नहीं मिलाते. बायकोनं पढवलेला पोपट!"

तपासाला मीही गेलो. नाहीतर दुपारची झोप कुठली लागायला? हुहाना ओसरीत कांदे चिरत होती. डोळ्यांत पाणी. तेही मला संशयास्पदच वाटलं. खाट टोचत होती, म्हणून मी उशी ओढली आणि तिच्यावर बसलो.

दोघी एकदम ओरडल्या. एक वऱ्हाडीत, एक तिच्या भाषेत. उशीवर बसतो म्हणून शेवंताबाई मला चाळीस वर्षं रागावतेय. हुहानानं तर सरळ बुडाखालून उशी खेचली, झटकली आणि छातीशी धरली.

शेवंताबाई बघतच राहिली. "जिथं डोकं ठेवतो, तिथं बूड नाही. इलेही मायनं शिकवलं वाटते."

मग ताडकन उठली, मोरीत गेली आणि त्या वेगळ्या बादलीत हात घातला. ताटं पुसायचं फडकं. आणखी एक फडकं. उशीचा अभ्रा. बस. हुहानाचा परकर घरच्या मोठ्या बादलीत होता, सासूच्या लुगड्यात गुंडाळलेला.

"मले वाटे, त्यात तिचे कपडे हायेत." अभ्रा परत बादलीत सोडला तिनं. "तीन दिवस पहारा केला, भाऊजी, अन् आत वाकून पाहिलंच नाही."

बाहेर येऊन तिनं ओले हात पदराला पुसले, हुहानासमोर उभी राहिली आणि डोळे घट्ट मिटून नाक पुढं केलं.

रविवारी लग्न लागलं. मला सतरंजीवर बसवलं. आसपासचे लोड अन् उशा दोघींनी आधीच उचलून नेल्या होत्या.